अर्धा स्वयंपाक आमचा, अर्धा तुमचा

आमच्याकडून गेलेला माल कधीच पूर्ण नसतो. मसाल्यात मुरलेलं मटण किंवा कोंबडी सळईला टोचून डब्यात भरून आम्ही देतो. निखाऱ्यावर भाजायचं ते गिऱ्हाइकाने. म्हणजे नाव आमचं आणि हात दुसऱ्याचा. 2008 पासून जे काही शिकलो ते या एकाच अडचणीपायी.

बाबा इंदूरच्या एका कापडगिरणीत होते. रविवारी सुदामा नगरच्या घरामागे शेगडी पेटायची आणि आईच्या काळ्या मसाल्यातलं मटण बाबा सायकलच्या जुन्या तारांवर भाजायचे. पुढे मी एका औषध कंपनीचा माल विकत फिरायचो. मित्रांच्या पार्ट्यांना घरून मटण मुरवून न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. एकदा कुणीतरी पैसे पुढे केले आणि मी ते घेतले. धंद्याचा श्रीगणेशा एवढाच.

पहिली खोड आईच्या मसाल्यानेच मोडली. भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस रश्शात सोनं असतं, निखाऱ्यावर मात्र कोळसा. वरून करपायचं, कडू व्हायचं. आईला हे पटायला दोन वर्षं लागली. शेवटी तडजोड अशी झाली की खोबरं-खसखस फक्त खिम्याच्या सळईत जाईल, तिथे ते आत राहतं आणि आच थेट लागत नाही. तुकड्यांच्या सळईला दोन वेळा मसाला लावतो. आधी मीठ, लिंबू, आलं-लसूण, अर्धा-पाऊण तास. मग चक्का, सरसूचं तेल, भाजलेलं बेसन, कसुरी मेथी आणि निमाडची मिरची. मिरची बेडियाच्या मंडीतली आणतो, बाकीचे मसाले सियागंजातून. दही पातळ असेल तर सगळं निखाऱ्यावर गळतं, म्हणून चक्का रात्रभर टांगलेलाच हवा. आमच्याकडे सकाळी सगळ्यात आधी चक्का तपासतात, मटण नंतर.

आता पपईची गोष्ट. बोकडाचं मटण लवकर मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई वाटून लावायची पद्धत जुनी आहे, आम्हीही लावायचो. एका डिसेंबरात चोरलच्या बाजूला एका शेतावर पार्टी होती, एकशेवीस सळया. सकाळी माल दिला, दुपारी मावठा आला आणि पार्टी दुसऱ्या दिवशीवर गेली. त्यांनी डबे फ्रीजमध्ये ठेवले, त्यांचं काही चुकलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी फोन आला, ‘दादा, सळई उचलली की मटण खाली राहतंय.’ पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं. थंडीत त्याचा वेग कमी होतो, पण काम थांबत नाही. ते थांबतं आचेवर. घरी ठीक आहे, दोन तासांनी आपणच भाजतो. आमच्या डब्यात मात्र घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात. सगळे पैसे परत केले आणि पपई कायमची बंद केली. आता कोवळ्या बोकडाची मांडी घेतो, धाग्याच्या आडवे तीस-पस्तीस ग्रॅमचे तुकडे पाडतो आणि मऊपणाचं काम चक्क्यावर सोपवतो. वेळ जास्त लागतो. लागू दे.

सळयांनी वेगळाच ताप दिला. सुरुवातीला लोखंडी चौकोनी सळया द्यायचो. गोल सळईवर तुकडा जागच्या जागी फिरतो आणि एकच बाजू भाजते. अनामत घ्यायचो, तरी निम्म्या परत येत नसत. एका वहिनींकडे तीन सळया मोगऱ्याच्या कुंडीत आधाराला उभ्या दिसल्या, मी काही बोललो नाही. आता बांबूच्या काड्या, अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या, आणि एका सळईत दोन काड्या शेजारी शेजारी, म्हणजे तुकडा फिरत नाही.

पंचांगाचं दुखणं मात्र इंदुरातल्या मराठी धंदेवाल्यालाच कळेल. इथल्या हिंदी मंडळींचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि आपली गटारी बरोबर त्यांच्या सावनाच्या मध्यावर येते. त्या दिवशी मराठी घरांतून डझनाने ऑर्डरी आणि शेजारचे मिश्राजी नाकाला रुमाल लावून. राखीला त्यांचा सावन सुटतो तेव्हा आपला अजून पंधरा दिवस बाकी. तो संपला की लगेच गणपती, पितृपक्ष, नवरात्र. दसऱ्यापर्यंत भट्टी थंडच समजा. पहिल्या वर्षी हा हिशोब न करता जुलैत दोन मुलं कामाला ठेवली होती. त्यांचे पगार हिच्या बांगड्यांनी दिले. आता त्याच दिवसांत शीतपेटीची दुरुस्ती आणि रंगरंगोटी काढतो. वर्षाची कमाई दसरा ते रंगपंचमी.

जागेचं रडगाणं थोडक्यात. ‘मटण’ म्हटलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. चौदा जागा पाहिल्या, पंधरावी मिळाली, भाडं सव्वापट.

2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जो तो विचारू लागला, ‘कडकनाथची सळई आहे का, भिया?’ करून पाहिली. चरबी जवळजवळ नाही, मांस चिवट, आचेवर चामडं होतं. सांगतो तुम्हाला, ती कोंबडी रश्शाची आहे, मंद आचेवर तास-दीड तास. आम्ही विकत नाही. मागणी आली तर नाही म्हणतो आणि रश्शाची कृती सांगतो.

मार्च 2020 मध्ये शहर बंद झालं तेव्हा शीतपेटीत चाळीस किलो मुरवलेला माल होता. गोठवून ठेवला. उघडला तेव्हा चक्का फाटलेला, मसाला पाण्यात. त्यानंतर ठरवलं, मुरवलेलं गोठवायचं नाही. आजही माल सकाळी बनतो, पाच अंशांखाली राहतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत भाजायचा असतो. डब्यावर तास लिहिलेला असतो.

लायसन्सचा टप्पा त्यानंतरचा. तेव्हाच्या अन्नसुरक्षेच्या नियमाने वर्षाला 12 लाखांच्या विक्रीपर्यंत नुसती नोंदणी चालायची, आम्ही ती रेघ ओलांडली आणि राज्याचं लायसन्स काढलं. कागदांना कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू. पण डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने उघड्यावर आणि विनापरवाना मांस-मासे विकण्यावर बंदी आणली, तेव्हा आमचं शटर एक दिवसही खाली आलं नाही.

आज आम्ही सात जण, त्यातल्या पाच बाया. तुकडे पाडायला आमच्या मावशींसारखा हात मी अजून पाहिला नाही. डब्यात एक चिठ्ठी जाते, मराठी आणि हिंदीत: ज्वाळेवर ठेवू नका, निखाऱ्यावर पांढरी राख चढू द्या; कोंबडी आतून 74 अंश, मापक नसेल तर जाड तुकडा कापून बघा. ती कुणी वाचत नाही. म्हणून शनिवार-रविवार रात्री अकरापर्यंत फोन मी स्वतः उचलतो.

परवा जानापावच्या पायथ्याहून एकाचा आला. वारा सुटलाय, निखारे धरत नाहीत, पाहुणे ताटं घेऊन बसलेत. म्हटलं, गाडी आडवी लावा, शेगडीला आडोसा होईल, आणि दहा मिनिटं सळयांना हात लावू नका. वीस मिनिटांनी पुन्हा फोन. चटणीची कृती विचारत होता.