डावा हुक परत आला, आणि आठवड्याचा तक्ता पुन्हा खोडला

डावं मनगट आता दुखत नाही. बॉक्सिंगच्या बॅगवर पूर्ण जोरात तीन नंबर, म्हणजे डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) मारला, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा क्लच दाबून पाहिला, संध्याकाळी कुकर डाव्या हाताने उचलून पाहिला. काही नाही. मागच्या नोंदीत मी मनगट दुखतं म्हणून हुक साफ बंद करून नुसत्या एक-दोनवर, म्हणजे जॅब (डावा सरळ ठोसा) आणि क्रॉसवर (उजवा सरळ ठोसा) आल्याचं लिहिलं होतं, आणि त्यावर तुम्ही मंडळींनी सुचवलेलं जवळजवळ सगळं करून झालं. दुखण्याचं मूळ त्यातल्या एकाही गोष्टीत नव्हतं. पण त्या वाटेने गेल्याशिवाय ते सापडलंही नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट त्यांच्यासाठी, ज्यांचं आत्ता दुखतंय: एक्स-रे काढा. माझा स्वच्छ निघाला, नुसती मुरगळ होती. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खड्डा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर मात्र पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून खूश होऊ नका. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, डॉक्टर दहा-बारा दिवसांनी परत काढायला सांगतात. माझं दुखणं तिथे नव्हतं, मनगटाच्या पाठीवर होतं, हात आत वाकला की कळ यायची. ही खूण पुढे कामाला आली.

पहिला संशय रॅपवर, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्टीवर. मी सुरुवातीला घेतलेले अडीच मीटरचे होते. मुठीच्या गाठींवर तीन वेढे आणि बोटांमधून काढले की मनगटाला उरायचा जेमतेम एक वेढा. आता साडेचार मीटरचे, थोडे ताणणारे घेतले. आमच्या कोच सरांची पद्धत अशी: अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग गाठी, मग बोटांमधून, मग अंगठा, आणि जे उरेल ते सगळं परत मनगटाला. बांधताना बोटं पसरलेली हवीत. मूठ मिटली की रॅप आपोआप आवळतो. बांधून झाल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर सरळ उघडून पुन्हा बांधायचं, "होईल सैल" म्हणून चालवायचं नाही. तयार मोज्यासारखे जेलवाले इनर मिळतात, ते घाईच्या दिवशी बरे, पण मनगटाला त्यांचा काहीही आधार नाही, हे माझं ठाम मत. लांब रॅपने कळ निम्म्यावर आली. गेली मात्र नाही.

मग ग्लोव्ह. माझे जुने १२ औंसचे ऑनलाइन मागवलेले होते, फोटोत झकास. काही महिन्यांत गाठींवरचा फोम बसला आणि मनगटाची पट्टी आखूड असल्यामुळे ग्लोव्ह हातावर डुलायला लागला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, त्याचं उत्तर अजून यायचंय. आता १४ औंसचे, लांब पट्टीचे, मेरठचे घेतले आहेत. एका मैत्रिणीचे लेसवाले घालून पाहिले. मनगट असं धरून ठेवतात की बस्स, पण सकाळी सहाला लेस बांधून द्यायला कोण उभं राहणार? वेल्क्रोच बरं. पावसाळ्यात मात्र चामड्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. सराव संपला की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, आणि बॅगेत बंद करून कधीही ठेवायचे नाहीत. आमच्या जिममध्ये ज्याने हे केलं नाही त्याचे ग्लोव्ह दारातून आत यायच्या आधी ओळखू येतात.

ग्लोव्ह बदलल्यावर हात सुखावला, कळ तशीच.

तिसरा संशय बॅगवर, आणि या प्रकरणाची मला सगळ्यात मजा आली. खिडकीजवळची काळी बॅग शिंप्याकडच्या चिंध्यांनी भरलेली आहे. वर्षानुवर्षं लटकून चिंध्या खाली बसल्या होत्या: वरचा भाग पोकळ, खालचा हातभर भाग नुसता दगड. माझी उंची बेताची, त्यामुळे माझा हुक नेमका जिथे दगड सुरू होतो तिथे पडायचा. एका रविवारी आम्ही चौघांनी बॅग उतरवून पूर्ण रिकामी केली. आतून चिंध्यांबरोबर एक बेल्ट, दोन झिपा आणि कुणाची तरी शाळेची टाय निघाली. चेन आणि बटणं असलेले तुकडे वेगळे काढले, उरलेलं थराथराने भरलं, प्रत्येक थर आडवा पसरून मुसळाने दाबला, कडेला मऊ होजिअरीचं कापड आणि मध्ये जाड. आता बॅग वरपासून खालपर्यंत एकसारखी लागते आणि आवाजही भरीव येतो. सगळी पोरं आता त्याच बॅगवर तुटून पडतात, म्हणजे मलाच नंबर लावावा लागतो. असो.

मनगट? दुखत होतंच.

मग वाद मुठीचा. हुक मारताना अंगठा वर ठेवायचा, पेला धरल्याप्रमाणे, की तळवा जमिनीकडे? आमच्याकडे अकोल्याहून नोकरीला आलेली एक मुलगी आहे, शाळेत असल्यापासून खेळतेय. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा आणि तिथे घडलेल्या बॉक्सर अनंता चोपडेचा विषय निघाला की तिला थांबवणं अवघड. ती अंगठा वर या पक्षाची. दुसरा पक्ष तळवा खाली. सर म्हणाले, दोन्ही बरोबर, जवळून मारताना अंगठा वर, लांबून तळवा खाली, आणि दोन्हीत पहिल्या दोन गाठी लागल्या पाहिजेत. करंगळीकडच्या गाठींवर जोर गेला की तळहाताचं हाड मोडतं, दवाखान्यात त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, पण मुरलेल्या बॉक्सरपेक्षा भिंतीवर हात आपटणाऱ्यांनाच ते जास्त होतं. मी दोन्ही करून पाहिलं. अंगठा वर ठेवून कळ थोडी कमी, एवढंच.

इथपर्यंत आल्यावर मी हुकचा नाद सोडण्याच्या बेतात होते. पण एक गोष्ट डोक्यात खटकत होती. सरांच्या पॅडवर (ठोसे झेलायला ते हातात धरतात ती गादी) तोच हुक, तेच ग्लोव्ह, तेच रॅप, आणि कधीच दुखलं नव्हतं. एकदाही नाही. हात तोच असेल तर फरक समोरच्या वस्तूत असणार. पॅड मऊ असतो हे खरं, पण भरून घेतलेली बॅगही आता काही दगड नव्हती.

फोन बाकावर टेकवून स्लो मोशनमध्ये एक राउंड काढला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. घरी आल्यावर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच दिसलं: माझ्या क्रॉसनंतर बॅग मागे जात होती. थरथरत नव्हती, झोपाळ्याला झोका द्यावा तशी सावकाश, चांगली फूटभर मागे. हुक सुटायचा तेव्हा बॅग तिथे नसायचीच. हात तिला गाठायला लांबायचा, कोपर नव्वद अंशातून उघडायचं, आणि मूठ गाठींऐवजी बोटांच्या बाजूने लागून मनगट आत दुमडायचं. कधी उशीर झाला तर उलट, परत येणारी बॅग दुमडलेल्या हातावर आदळायची. ती कळ सगळ्यात वाईट. सर मात्र पॅड धरताना तीन नंबरला पॅड स्वतःच आत आणतात, मुठीला भेटायला. म्हणून तिथे अंतर कधी चुकायचं नाही.

म्हणजे डाव्या मनगटाचं दुखणं उजव्या हातात होतं. माझा क्रॉस बॅगला मारत नव्हता, ढकलत होता. ठोसा लागल्यावर हात तिथेच रेंगाळायचा, शरीराचं वजन त्याच्या मागून टेकायचं, आणि तेवढ्या वेळात बॅगेला धक्का मिळायचा. ठोसा लागून लगेच परत आला तर बॅग जागच्या जागी हादरते, साखळी खडखडते, पण लांब जात नाही. सरांना व्हिडिओ दाखवला तर त्यांनी नुसती मान हलवली. "धक्का नहीं, चटका. हात वापस ला, गालपे." फौजेतून निवृत्त झालेला माणूस, चार वाक्यांची गोष्ट चार शब्दांत संपवतो.

उपाय म्हणून सध्या जे करतेय ते असं. एक पूर्ण राउंड फक्त क्रॉसचा. नियम एकच, बॅग हलता कामा नये. हादरू दे, पण झुलली की तो ठोसा बाद. ऐकायला सोपं वाटतं, दीड मिनिटात खांदा बोंबलतो. मग एक-दोन मारून पुढचा पाय अर्धं पाऊल आत, आणि मगच हुक, म्हणजे थोडीफार झुललीच तरी आपण तिच्याबरोबर आत असतो. पाय आत, टाच फिरली, कंबर फिरली, हात फक्त वाकडा राहतो. आणि बॅग परत येत असताना हुक अजिबात नाही. ती येऊ द्यायची, बाजूला सरकायचं, दुसऱ्या बाजूने सुरुवात करायची. यातून आपोआप थोडं फूटवर्कही होतं. याच आठवड्यात एकदा असा हुक बसला की शेजारच्या बॅगवरच्या पोराने वळून पाहिलं. तो आवाज मी मनात जपून ठेवला आहे.

काही जण म्हणतील, कुणाला तरी बॅग मागून धरायला सांग. मी मुद्दाम नाही सांगत. धरलेल्या बॅगवर ढकलणारा ठोसाही छान लागतो, आणि तोच तर आजार आहे.

आता तक्त्याकडे. मागच्या वेळी लिहिलेला तक्ता असा होता: सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम, मंगळवार-शनिवार धावणं, गुरुवार-रविवार आराम. जिमच्या दिवशी दोरीच्या उड्या तीन राउंड, शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे) तीन, बॅग सहा, पॅड मिळाले तर दोन, मग जमिनीवरचे व्यायाम. राउंड तीन मिनिटांचा, मध्ये एक मिनिट. हा हिशोब १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलाय. बायकांना तो मिळायला मात्र बराच वेळ लागला: २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने कांस्य घेतलं तेव्हा महिलांच्या लढती दोन मिनिटांच्या चार राउंडच्या होत्या, टोकियोत लव्हलीना बोरगोहेनच्या वेळी त्या तीन मिनिटांच्या तीन झाल्या. माझा टायमरही दोनवरून तीनवर आलाय, आणि ते तिसरं मिनिट म्हणजे वेगळाच प्राणी आहे हे तुम्हाला सांगायला नको.

या तक्त्यातली अडचण बॅगचे सहा राउंड. चौथ्या राउंडनंतर मी ठोसे मारत नव्हते, बॅगवर रेलत होते. ढकलायची सवय तिथेच लागली असणार. म्हणून बॅग चारवर आणली आणि प्रत्येक राउंडला एकच काम: पहिला क्रॉस न झुलवता, दुसरा पाऊल आत घेऊन हुक, तिसरा फक्त जॅब आणि फिरणं, चौथा मोकळा. वाचलेले दोन राउंड शॅडोला. बुधवारी बॅग नाहीच, त्या दिवशी जोडीने हलका सराव, एकाने जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त अडवायचा. धावणंही बदलतेय. शनिवारचं लांब, सावकाश धावणं तसंच, मंगळवारी चढावर छोट्या धावा, मध्ये चालत खाली येणं.

हे लिहितानाच सुचलं: क्रॉसचा राउंड बॅगच्या सुरुवातीला ठेवण्यापेक्षा शेवटी ठेवला तर? दमल्यावरच तर हात रेंगाळतो. ताजेपणी न झुलवणं जमायला लागलंय, आता दमलेल्या हाताला शिकवायला हवं. पण दमलेला हात चुकीचंच घोकेल ही भीती आहे. दोन्हीकडे ठेवते, पहिला पूर्ण तीन मिनिटं, शेवटी फक्त एक मिनिट, आणि बॅग झुलली की तिथेच बंद. मोकळा राउंड गेला मग. जाऊ दे, तो तसाही मजेसाठीच होता.

ज्यांनी नव्याने जिम लावलीय आणि काय विकत घ्यायचं विचारलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: आधी लांब रॅपचे दोन जोड, कारण एक धुवायला जातो. मग उड्यांसाठी पीव्हीसीची साधी दोरी, कापडी नको, ती हवेत लोळते. ग्लोव्ह जिमचे वापरून पाहिल्यावरच घ्या. शूज नंतर. दातांचं गार्ड गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं असतं, ते स्पॅरिंगच्या (जोडीदाराशी सरावाची लढत) आधी, आणि स्पॅरिंगची घाई करू नका. पहिले काही दिवस फक्त उभं राहणं आणि पावलं टाकणं शिकवत असतील तर कंटाळू नका, कोच चांगला आहे.

पुढचं खूळ डबल-एंड बॅगचं, म्हणजे वरून-खालून ताणून बांधलेल्या चेंडूचं. झुलणाऱ्या वस्तूवर वेळ साधायचा असेल तर तीच खरी शिक्षिका. तयार घेण्याऐवजी जुन्या फुटबॉलला वरून दोरी आणि खालून जाड इलॅस्टिक लावून बनवायचा विचार आहे, खाली पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन वजनाला. इलॅस्टिक किती ताणलेलं हवं यावर अडलेय. फार ताणलं तर चेंडू तोंडावर येतो, सैल ठेवलं तर नुसता डोलतो. सायकलवर सामान बांधायची हूकवाली रबरी दोरी कुणी वापरून पाहिली आहे का? पाहिली असेल तर जाडी कळवा, रविवारी बोहरी आळीत जाणार आहे.