पाय हलला, म्हणजे बरं होतंय का?

मज्जारज्जूला इजा झालेल्या तुमच्या भावाचा पाय रात्री आपोआप हलतो, म्हणजे तो बरा होतोय का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, पण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोराला, इजा झालेली माणसं आमच्या प्रयोगशाळेत येतात. सोबत आई, बायको, भाऊ असं कुणीतरी असतं. माणूस आत गेला की ते बाहेर हळूच विचारतात, "काल रात्री याचा पाय आपोआप हलला. म्हणजे बरं होतंय ना?"

"नाही" म्हणून विषय संपवता येतो, पुष्कळजण तसंच करतात. मला ते पटत नाही. त्या हललेल्या पायात फार मोठी गोष्ट आहे, आणि माझं सगळं काम तिच्याभोवतीच चालतं.

आधी तो पाय जवळून बघा. व्हीलचेअरवरचा माणूस दोन्ही हातांनी आपला पाय उचलून फूटरेस्टवर ठेवतो. चवडा आधी टेकतो, टाच अधांतरी राहते, पोटरी ताणली जाते आणि पाऊल थडथडायला लागतं. सेकंदाला पाच-सहा वेळा, गुडघ्यासकट. तो गुडघ्यावर तळवा दाबतो, टाच टेकवतो, थडथड थांबते. एवढं होईतो त्याचं बोलणं मात्र एकदाही तुटलेलं नसतं. याला क्लोनस म्हणतात.

पोटरीच्या स्नायूत ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात. पोटरी ताणली की त्यांची खबर मज्जारज्जूत पोचते आणि तिथूनच आखडण्याचा हुकूम सुटतो. पोटरी आखडते, मग सैल पडते, पायाच्या वजनाने पुन्हा ताणली जाते, की पुन्हा हुकूम. या फेऱ्यात मेंदू कुठेच नाही. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर तुमचाही पाय असाच उडतो. पण तुमच्या मेंदूकडून खाली उतरणारे चेतातंतू या फेऱ्याला सतत आवर घालत असतात, इजेनंतर तो आवर जातो. त्यात इजा झाल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे पाय अगदी लुळे पडलेले असतात. हे झटके त्यानंतर हळूहळू सुरू होतात. म्हणजे घरच्यांनी आशा धरावी अशाच वेळी. त्यांची चूक नाही यात.

मग खरी सुधारणा ओळखायची कशी? "हलव" म्हटल्यावर हलतो का, हे बघायचं. आणि डॉक्टर गुदद्वाराशी स्पर्श कळतो का, तिथला स्नायू मुद्दाम आवळता येतो का, हे तपासतात. संकोच वाटतो, पण ही तपासणी टाळू नका. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत काही पोचतंय का, हे तिथेच कळतं आणि इजा पूर्ण की अपूर्ण, हे त्यावरच ठरतं.

आता तो मोठा मुद्दा. "वायर तुटली, आता काय उरलं" असं लोक म्हणतात, शिकलेले लोकही. मज्जारज्जू म्हणजे वायर नव्हे. साधारण 45 सेंटिमीटर लांबीच्या आणि बोटाएवढ्या जाडीच्या या दोरात वरखाली जाणाऱ्या तंतूंच्या मधोमध चेतापेशींची दाट वस्ती आहे. 1911 साली थॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी भूल दिलेल्या मांजरांवर प्रयोग केले. मज्जारज्जू वरून तोडलेला, पायाकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केलेल्या, तरी पायाचे स्नायू चालताना आखडतात तसे आलटून पालटून आखडत राहिले. चालण्याचा ताल खालीच तयार होत होता. पुढे 1980 च्या दशकात लॉस एंजेलिस आणि माँट्रियल इथल्या प्रयोगशाळांमध्ये मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर सराव दिला, तर त्यांचे मागचे पाय पावलं टाकायला लागले. ज्यांना फक्त उभं राहण्याचा सराव दिला, त्यांना उभं राहणं जमलं, पावलं टाकणं नीट जमलं नाही. मेंदूपासून तुटलेला मज्जारज्जू शिकतो, आणि जे शिकवाल तेच शिकतो! विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही करू शकले नव्हते.

माणसातही याच्या जवळ जाणारं काही दिसलं आहे. 2013 साली जोनाथन वोल्पॉ आणि सहकाऱ्यांनी अपूर्ण इजा झालेल्या लोकांना पोटरीची प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे मघाचा तोच फेरा, पडद्यावर दाखवली आणि ती कमी ठेवायला सांगितलं. आठवड्यात तीनदा, दहा आठवडे. ज्यांना ती कमी करता आली त्यांचा चालण्याचा वेग वाढला, दोन पावलांतला फरक कमी झाला.

"जोडता का येत नाही?" हा पुढचा प्रश्न. हातापायांतल्या नसा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, मज्जारज्जूतले तंतू वाढत नाहीत. पण 1981 साली सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडून दिला, तर हेच तंतू त्यातून काही सेंटिमीटर वाढले. म्हणजे ताकद आहे, भोवतालची जागा अडवते. तिथल्या तंतूंच्या आवरणातले आणि व्रणातले हे अडथळे कसे काढायचे, यावर झुरिकच्या मार्टिन श्वाब यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचलं.

तरी समजा, उद्या सगळे तंतू वाढले. कुठल्याने कुठे जायचं? 1920 च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हाताला छोटे दिवे लावून हालचाली टिपल्या. मुरलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी छिन्नीवरच बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर घावाला थोडी वेगळी. मेंदू एकेका स्नायूला एकेक ठरलेला हुकूम देत असता, तर असं झालं नसतं. हालचाल दर वेळी नव्याने जमवली जाते आणि त्या जमवाजमवीत मज्जारज्जू बरोबरीचा भागीदार असतो. म्हणून तंतू वाढले तरी सराव सुटत नाही.

हे लक्षात घेतलं की विद्युत उत्तेजनाचे प्रयोग नीट कळतात. 2011 साली अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये सुसन हारकेमा आणि रेजी एजर्टन यांच्या गटाने पायांची हालचाल पूर्ण गेलेल्या एका तरुणाच्या मज्जारज्जूवर विजेचा हलका प्रवाह देणारे इलेक्ट्रोड बसवले. यंत्र सुरू असताना तो उभा राहिला, आणि काही महिन्यांनी सांगितल्यावर पाय हलवू लागला. ही दुसरी गोष्ट कुणालाच अपेक्षित नव्हती. 2014 साली त्याच्यासह चौघांत ते दिसलं. तो प्रवाह पाय उचलून देत नव्हता. तो खालच्या पेशींना इतकं जागं करत होता की इजेतून वाचलेल्या मोजक्या तंतूंची क्षीण हाकही त्यांना ऐकू यावी. 2023 साली स्वित्झर्लंडमध्ये तर मेंदूवरच्या इलेक्ट्रोडचे संकेत थेट मज्जारज्जूवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचवले गेले, आणि एक माणूस त्याच्या इच्छेने पावलं टाकू लागला.

मला हे सांगताना आनंद होतो, आणि त्याच दमात बजावते. हे मोजक्या लोकांवरचे, महिनोन्‌महिने सरावाचे प्रयोग आहेत. भरमसाट पैसे घेऊन पेशींचं इंजेक्शन देणारे लोक "बघा, पाय हलतोय" म्हणून व्हिडिओ दाखवतात. असे व्हिडिओ मी पाहिलेत. त्यातला पाय झटक्याने हलत होता. तुमच्या आशेचा असा वापर होताना बघून माझा जीव जळतो. आणि चालणं हीच सगळ्यांची पहिली इच्छा असते असंही नाही. 2004 साली किम अँडरसन यांनी इजा झालेल्या लोकांनाच विचारलं, तेव्हा हातपाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सर्वात आधी हात परत मागितले.

आता तुमच्या भावाच्या रात्रीच्या पायाबद्दल. झटके अचानक वाढले असतील, तर त्याच्या शरीरात खाली काहीतरी दुखतंय आणि ते त्याला कळत नाहीये, असं धरून चाला. आधी लघवीची नळी कुठे वळली किंवा तुंबली आहे का बघा. मग पोट साफ झालंय का. मग कंबर, ढुंगण, टाचा उजेडात नीट तपासा, लाल डाग दिसला तर दाबून लाली जाते का बघा. इजा छातीच्या मधल्या भागात किंवा त्याहून वर असेल आणि सोबत डोकं ठणकत असेल, चेहरा लाल होऊन घाम येत असेल, तर त्याला लगेच बसतं करा, कपडे सैल करा, कारण शोधा आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. रक्तदाब जीवघेणा चढलेला असू शकतो.

आमच्याकडे येणाऱ्या एकाचा डावा पाय असाच तीन रात्री थांबेना. चौथ्या दिवशी त्याच्या आईने मोजा काढून एकेक बोट पाहिलं. अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. ते काढलं, त्या रात्री पाय शांत राहिला.