रफ वही

शाळेच्या दप्तरात एकच वही अशी असते, जी कुणी तपासायला मागत नाही. बाकी वह्यांचा थाट काय वर्णावा! खाकी कव्हर, लेबल, समास, वर तारीख, खाली बाईंची सही. रफ वहीच्या नशिबी यातलं काहीच नाही. आमच्या घरी ती विकतसुद्धा आणत नसत. वर्ष संपलं की जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढायची, एकरेघी, दुरेघी, चौकटीची, प्रयोगवहीतली एका बाजूनं कोरी, सगळी एकावर एक ठेवायची आणि दाभणानं शिवायची. वरून जुन्या कॅलेंडरचा कागद. वडील हे काम इतकं मन लावून करत, की विकतची वही घेणाऱ्या मुलांची मला उगाच कीव येई.

परवा बहिणीकडे रद्दीचा ढीग निघाला होता. भाचीची दहावी झालेली. फेअर वह्या एका गठ्ठ्यात आणि त्यांच्याखाली दबलेली रफ वही. मी सहज चाळायला घेतली ती तासभर सोडवेना.

त्रिकोणमितीचं एक पान होतं. दीपगृहाची उंची 90 मीटर, वरून पाहणाऱ्याला जहाज 60 अंशांच्या अवनत कोनात दिसतंय, तर जहाज किती लांब? नेहमीचं गणित. भाचीबाईंनी आधी साठचा कोन मनोऱ्याच्या भिंतीला चिकटवला होता. मग रीतसर टॅन साठ, 1.73 नं गुणाकार, आणि उत्तर 155.70 मीटर. त्याखाली दुहेरी रेघ. पण रेघेच्या शेजारी लहान अक्षरात लिहिलेलं, ‘इतकं लांब?’ मग दुसरी आकृती. यात मनोऱ्यावरच्या माणसाला टोपी आहे, जहाजाला झेंडा आहे, आणि माणसाच्या डोळ्यापासून समुद्राला समांतर एक तुटक रेघ आहे. ही रेघ पहिल्या आकृतीत नव्हती. कोन तिच्यापासून खाली मोजलाय, व्युत्क्रम कोन म्हणून तो जहाजापाशी उतरवलाय, आणि उत्तर आलंय 51.90. त्याच्या पुढे तीन उद्गारचिन्हं.

फेअर वहीत हेच गणित शोधलं. आकृती, चार ओळी, उत्तर, बाईंची बरोबरची खूण. टोपी नाही, झेंडा नाही, 155 मीटरचा तर मागमूस नाही. अवनत कोन म्हणजे काय हे त्या पोरीला ज्या घटकेला कळलं, ती घटका रद्दीत निघाली होती.

परीक्षा नकोतच म्हणणाऱ्यांतला मी नाही. पूल बांधणाऱ्याचा कोन चुकता कामा नये, हे तपासायला कुणीतरी हवंच. पण निकालाच्या दिवशी घरोघरी फोनवर एकच प्रश्न असतो, ‘किती?’ 2025 च्या दहावीत राज्यातल्या 211 जणांना शंभर टक्के मिळाले. त्यात सहातल्या उत्तम पाच विषयांचा हिशेब असतो, कला-क्रीडेचे वाढीव गुण असतात. असेनात का, पोरांनी कष्ट केलेत, पेढे त्यांच्या हक्काचे. मला गंमत वाटते ती नव्वदवाल्याच्या आईची, जी शेजारणीला ओशाळून सांगते, ‘थोडक्यात हुकलं हो.’

कष्टांचीही नोंद व्हावी म्हणून 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. हेतू उत्तम. शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. झालं काय, तर वर्गात पन्नास पोरं, आणि नोंदवही अमुक तारखेला जमा करायची. मग तयार वाक्यांच्या फाइली मोबाइलवर फिरू लागल्या. ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.’ ‘स्वतःचे विचार स्पष्टपणे मांडते.’ माझा एक शिक्षक मित्र म्हणतो, ‘अरे, वर्षभर तोंड न उघडलेल्या पोरीलाही मी ते वाक्य दिलंय.’ प्रयत्नांचाही शेवटी रकानाच झाला.

त्यातल्या त्यात गणिताच्या पेपराचं मला कौतुक आहे. तिथे अजून पायऱ्यांना गुण मिळतात. उत्तर गडबडलं तरी रीत बरोबर असेल तर हातावर काहीतरी पडतं. आमचे सर तर खोडण्याचीही शिस्त लावत. एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. गिरगटून काळं केलेलं त्यांना खपायचं नाही. ‘कुठे घसरलास ते मला बघू दे की,’ म्हणायचे. आता व्हाइटनर आलंय.

रामानुजनांच्या वह्यांची गोष्ट या बाबतीत मोठी चुटपुट लावते. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर, आणि पाटी पुसायची कोपरानं. वहीत उतरायचं ते बहुतेक नुसतं उत्तर. कॉलेजातली एफ.ए.ची परीक्षा काही हा माणूस पास होऊ शकला नाही, पण वह्यांत हजारो सूत्रं ठेवून गेला. ती कशी सुचली असतील, कशी सिद्ध करायची, याच्या मागे गणितज्ञ पिढ्यान्‌पिढ्या लागले. एकट्या ब्रूस बर्न्ट यांनी त्यावर पाच जाडजूड खंड काढले, पहिला 1985 मध्ये. फेअर वही जगाला मिळाली. रफ वही कोपरानं पुसली गेली.

भाची क्लासहून आली तेव्हा मी टक्क्यांचं काही विचारलं नाही, ते बहिणीनं फोनवर आधीच सांगितले होते. विचारलं, ‘सगळ्यात जास्त कशानं छळलं गं?’ तिनं माझ्या हातातली वही ओढून थेट तेच पान काढलं. कोन आधी कुठे घेतला, 155 बघून संशय का आला, ती तुटक रेघ रात्री झोपताना कशी सुचली, आईला उठवून कसं दाखवलं आणि आई काय ओरडली, सगळं हातवारे करून सांगितलं. चहा गार झाला. मग एकदम तोंड पाडून म्हणाली,

‘आणि मामा, बोर्डाला दीपगृह आलंच नाही रे!’