हॉलमध्ये 5.1 : अर्थिंगपासून खालच्या काकूंच्या छतापर्यंत

टीव्हीसाठी साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची एकच लांब स्पीकरपट्टी) घ्यावा की पूर्ण 5.1 (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर), यावर आमच्याकडे बरीच खलबतं झाली. बाबांचं मागणं एकच होतं, "बोललेलं नीट ऐकू आलं पाहिजे, बाकी धडाडधूम नसलं तरी चालेल." त्यांच्या याच मुद्द्यावर 5.1 ठरलं. यात मधला स्पीकर स्वतंत्र असतो, सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात आणि तेवढ्याचाच आवाज वाढवता येतो.

खोकी घरात आली तरी ती उघडण्याआधी मी वायरमनला बोलावलं. हिला ते अजिबात पटलं नाही. पण इमारत जुनी, आणि टीव्हीमागचा बोर्ड मूळ मालकाच्या काळातला. वायरमनने टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तर बल्ब लख्ख; फेज आणि अर्थमध्ये धरला तर ढिम्म. बोर्ड उघडल्यावर दिसलं की अर्थची हिरवी वायर डबीत गुंडाळून नुसती ठेवून दिलीय, सॉकेटला जोडलेलीच नाही. म्हणजे तिसरं भोक केवळ शोभेचं! मी महागाचा सर्ज प्रोटेक्टर आणून ठेवला होता. पण लाइनमधून येणारा विजेचा जादा दाब अर्थमध्ये सोडून देणं हेच त्याचं मुख्य काम. अर्थच नसेल तर तो सोडणार कुठे? वायरमनने वायर जोडली, आमच्या मीटरपासून अर्थ खरंच येतंय ना तेही पाहिलं, आणि मगच पुढचं काम सुरू झालं.

वायरिंगमध्ये वेळ गेला तो मागच्या दोन स्पीकरपायी. भिंत फोडायची नव्हती, म्हणून स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसीची पट्टी मारून वायर नेली. स्पीकरची वायर घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का, हे विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त. आमच्या अंतराला 1.5 चौरस मिलिमीटरची वायर पुरली. पट्टीत घातल्यावर कुठली वायर अधिकची आणि कुठली उणेची हे कळेना, तेव्हा वायरमनने रिमोटमधला पेन्सिल सेल काढला आणि वायरच्या मोकळ्या टोकांना क्षणभर टेकवला. स्पीकरचा पडदा बाहेर सरकला तर सेलची अधिक बाजू लाल टर्मिनलला आहे, आत गेला तर उलट. हे करताना वायर रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या मुख्य ॲम्पच्या डब्याला) जोडलेली नसावी, एवढं मात्र बघायचं. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला तर बिघडत काही नाही, पण खर्ज पोकळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

रिसीव्हरच्या मागे वायर खोचताना तांब्याच्या तारा आधी पीळ देऊन घट्ट करायच्या. केसासारखी एखादी तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट होतो. नशीब चांगलं असेल तर रिसीव्हर 'टक्' करून स्वतःला बंद करून घेतो, नसेल तर आतला ॲम्प जातो. म्हणून आम्ही सगळीकडे बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसवायच्या, थेट खोचायच्या पिना) लावले. आणि रिसीव्हर टीव्हीच्या कपाटातल्या बंद खणात कोंबला नाही. तो चांगलाच तापतो, त्याच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी हवीच.

सगळं जोडून चालू केलं तर सबवूफरमधून बारीक 'हंऽऽ'. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली आणि गुणगुण थांबली, म्हणजे लोच्या ग्राउंड लूपचा, उपकरणांना दोन वाटांनी अर्थ मिळाल्याचा. यावर तिसऱ्या पिनेला चिकटपट्टी लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया ऐकू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. केबलच्या वायरवर छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थची ती दुसरी वाट तोडणारा) बसवला, काम झालं.

सबवूफरची जागा शोधायची रीत गमतीची आहे. तो उचलून चक्क सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जातलं काहीतरी लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर. मला रांगताना बघून बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. कोपऱ्यात नुसती घूंघूं होती, शोकेसच्या काचाही खडखडत होत्या. जागा सापडली ती खिडकीखाली. त्यानंतर सोबतचा माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून, पंखा बंद करून, रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने ऐकून स्पीकर आपोआप जुळवणं) केलं. पुढचे स्पीकर त्याने परस्पर 'लार्ज', म्हणजे सगळा खर्ज स्वतः पेलणारे, ठरवले होते. ते 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सबवूफरमधल्या वाटणीची सीमा) 80 हर्ट्झला ठेवला, आणि खालचा भार सबवूफरकडे गेला. मधला स्पीकर बाबांसाठी 3 डेसिबलने वर.

उरल्या खालच्या मजल्यावरच्या काकू. सबवूफरखाली जाड रबरी मॅट घातली होतीच, तरी एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि मुलीला वर सिनेमा लावायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "संवाद नाही रे येत, पण छातीत धडधड होते." नियमाप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे, पण स्लॅबमधून उतरणारा खर्ज त्या आकड्यांत नीट पकडला जात नाही. म्हणून त्यांच्या हॉलमध्ये बसूनच फोनवरून मुलीला सबवूफर थोडा थोडा कमी करायला लावला. काकूंनी मान डोलावली तो आकडा पक्का केला. रात्री 10 नंतर नाइट मोड; त्यात मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. मुलीच्या कानांची काळजी म्हणून रिसीव्हरमध्येच कमाल आवाजाची मर्यादा घालून ठेवलीय. ती कुठल्या मेन्यूत आहे, हे तिला अजून सापडलेलं नाही.

वळवाच्या दिवसांत ढग गडगडायच्या आतच बोर्डाचे प्लग बाबा काढतात, आणि सोबत केबल टीव्हीची आणि राउटरची वायरही. विजेचा झटका त्या वायरींतूनही आत येतो, आणि एचडीएमआयच्या वाटेने टीव्हीपर्यंत पोचतो.