टिंडूफजवळच्या सहरावी छावण्यांत पाच दिवस

अल्जिअर्सहून निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर नैऋत्य अल्जीरियातल्या टिंडूफला उतरलं. इथल्या छावण्यांत पश्चिम सहारातून आलेले सहरावी निर्वासित राहतात. बाहेर पोलिसारियोची, म्हणजे पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सहरावी संघटनेची माणसं यादी घेऊन उभी होती. यादीत नाव हवंच, म्हणून अल्जीरियाचा व्हिसा आणि त्यांचं निमंत्रण, दोन्हींच्या मागे निदान दोन महिने आधी लागा. एकट्याने भटकता येत नाही. 2011 मध्ये इथून मदतकार्यकर्त्यांचं अपहरण झालं होतं, तेव्हा सोबतच्या पहारेकऱ्यांवर वैतागू नका.

मुक्काम कुटुंबातच असतो. मी स्मारा छावणीत होते. बाकीच्या छावण्या एल आयून, दाखला, औसर्द, बुजदूर. ही सगळी पश्चिम सहारातल्या गावांची नावं आहेत, आणि ती गावं मोरोक्कोच्या ताब्यात. इथे जन्मलेली पोरं पत्ता सांगतात तो न पाहिलेल्या गावाचा.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. कोळशावर किटली, उंचावरून ओतून आणलेला फेस, आणि एकामागून एक तीन पेले. तिसरा संपेपर्यंत उठायचं नाही, तासभर तरी जातो. तेवढ्यात घरातल्या आजींनी पत्र्याच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेलं ओळखपत्र काढलं. पश्चिम सहारा स्पेनची वसाहत होती तेव्हाचं, कडा झिजलेलं. फोटोतली मुलगी जेमतेम विशीची. 1975 च्या अखेरीस मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या फौजा शिरल्या तेव्हा त्या वाळवंट तुडवत इकडे आल्या. 1991 च्या मोरोक्को आणि पोलिसारियोमधल्या युद्धबंदीत सार्वमत ठरलं होतं, स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं यावर. मतदार कोणाला धरायचं यावर ते अडलं, ते आजतागायत. नोव्हेंबर 2020 मध्ये युद्धबंदीही मोडली.

आजींनी दुभाष्यामार्फत विचारलं, ‘तुमच्याकडे विचारलं होतं का लोकांना?’ मी गोव्याची. 1967 च्या जनमत कौलाचं सांगितलं. प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच होता, पण माझी आजी रांगेत उभी राहून मत देऊन आली होती. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. भारताने 1985 मध्ये पोलिसारियोने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 मध्ये काढून घेतली. ती का काढली, हेही विचारलं. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

जाणाऱ्यांनी रोख युरो किंवा दिनार न्यावेत, कार्डाच्या भरवशावर राहू नये. हिवाळ्यात रात्री हाडं गोठतात, स्लीपिंग बॅग लागतेच. शाकाहारी असाल तर आधी कळवा. मोरोक्कोने बांधलेल्या 2700 किलोमीटर लांब वाळूच्या भिंतीकडे जायचा हट्ट नको, तिथे सुरुंग आहेत. छावण्यांचं प्रशासकीय केंद्र असलेल्या रबूनीचं युद्धसंग्रहालय मात्र बघा. थोडं स्पॅनिश शिकून जा. दुभाष्याशिवाय आजींशी बोलता आलं असतं, तर मी आणखी दोन दिवस त्यांच्याजवळच बसले असते.