परत आलेले 97 जोड

28 जुलैला, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सव्वाअकराच्या सुमाराला कुरिअरचा टेम्पो सुभाषनगरच्या बोळात शिरला आणि आप्पांच्या दारात थांबला. एरवी परतीचे खोके दोन-चार असतात, पोरगा हातातूनच आणून देतो. त्या दिवशी पाच पोती उतरली. पाऊस चालू होता, म्हणून आधी सगळी पोती ओसरीत ओढली आणि मग मोजायला बसलो. पायताणांचे 97 जोड भरले.

मी कोल्हापुरातल्या लहान दुकानदारांचा ऑनलाइन धंदा सांभाळते. फोटो, जाहिराती, किमती, कुरिअर आणि रात्री अकराला येणारा ‘माझी ऑर्डर कुठंय’ हा फोन, सगळं त्यात आलं. पुण्यात सहा वर्षं एका जाहिरात कंपनीत काढून परत आले. आप्पा माझे पहिले गिऱ्हाईक. त्यांच्या घरी तिसरी पिढी पायताण करते. आप्पा तळ कापतात, मुलगा वादीनं शिवतो, मावशी आणि शेजारच्या दोघी वेणी घालतात. सगळे बसले तर दिवसाला सहा जोड होतात. सातवा होत नाही, आणि झाला तर आप्पा तो बाजूला ठेवतात.

ही 97 जोडांची गोष्ट सुरू झाली ती मिलानमध्ये. 22 जून 2025 ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायांत आपलं पायताण दिसलं. कंपनीनं त्याला ‘लेदर सँडल’ म्हटलं होतं, कोल्हापूरचं नाव कुठं नव्हतं. इकडं वणवा पेटला. किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या फिरायला लागल्या. पुढं कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं, पण तोवर आठवडाभर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आमचा अंगठा आणि आमची वेणी होती.

मी ते सगळं पडद्यावर पाहत होते. ‘कोल्हापुरी चप्पल’ असा शोध घेऊन आमच्या साइटवर येणारे दिवसाला चाळीसच्या आसपास असायचे, ते चार दिवसांत दोन हजारांवर गेले. असा आकडा आमच्या धंद्यात जन्मात एकदा येतो. 26 जूनला मी आप्पांच्या हातांची रील केली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, वादीची शिवण, मावशींची बोटं. खाली लिहिलं, ‘मिलानला पोचली, पण घर कोल्हापुरात आहे.’ 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, हेही घातलं. रील 11 लाख लोकांनी पाहिली. त्यावर मी नऊ दिवस जाहिरात चालवली.

आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “पोरी, आषाढात कोण घेतंय गं पायताण?”

मी त्यांना मोबाइलवरचा आलेख दाखवला. ते काही बोलले नाहीत. हा प्रसंग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

नऊ दिवसांत 386 ऑर्डरी आल्या. घरात 90 जोड होते. उरलेले गल्लीतल्या पाच घरांतून उधारीवर घेतले, आणि ती उधारी आप्पांच्या शब्दावर होती, माझ्या नाही. 386 पैकी 251 ऑर्डरी ‘वस्तू हातात आल्यावर पैसे’ अशा होत्या. आपल्याकडं ही सोय काढली तर निम्मं गिऱ्हाईक निघून जातं आणि ठेवली तर गिऱ्हाईक काहीही पणाला न लावता बटण दाबतं. पाठवायचं ते आपल्या खर्चानं, आणि दार उघडलं नाही तर परत आणायचं तेही आपल्याच खर्चानं. या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात, ‘जिथून निघालं तिथं परत’.

खर्चाचं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही. आमची किंमत होती 1,119 रुपये. लोकांना वाटतं हा आकडा मन भुलवायला ठेवलाय. तो करामुळं होता. तेव्हा मूळ किंमत हजारापर्यंत असेल तर जोडावर 12 टक्के जीएसटी होता आणि हजाराच्या वर गेली की 18. सप्टेंबरात 2,500 पर्यंतच्या पादत्राणांवर 5 टक्के झाला, पण आमची लढाई जूनमधली होती. सगळं जाऊन एका जोडामागं 160 रुपये सुटायचे. जोड परत आला की जाहिरातीचे 118, जाण्यायेण्याचं भाडं 190 आणि खोक्याचे 30 जायचे. 338 रुपये. म्हणजे परत आलेला एक जोड विकल्या गेलेल्या दोन जोडांची कमाई गिळतो, आणि वर चामडं खराब झालं तर ते वेगळंच.

भाड्याचीही एक खोच आहे. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 नं भागतात आणि दोन्हींपैकी जास्त ते लावतात. आमचा जोड किलोच्या आत, पण बाजारातलं बुटांचं तयार खोकं 34 × 22 × 11 चं. हिशेब येतो 1.65 किलो आणि भाडं पडतं दोन किलोचं. मी तळाला तळ लावून जोड बांधायची पद्धत बसवली, 30 × 14 × 9 चं खोकं करून घेतलं आणि प्रत्येक पार्सल एक किलोत आणलं. या कामाचा मला आजही अभिमान आहे. जोडामागं चाळीसेक रुपये वाचले. पण ते खोकं परत येणार नाही अशी बांधणी काही मला करता आली नाही.

आता ती पोती. 97 पैकी 61 खोकी कुणी उघडलीच नव्हती, ती दारातूनच फिरली होती. वरच्या चिठ्ठीवर ‘ग्राहकानं नाकारलं’. मी त्याच दुपारी त्यातल्या चाळीस जणांना फोन लावले. अकरा जण म्हणाले, आमच्याकडं कुणी आलंच नाही, फोनही नाही. डिलिव्हरीच्या पोरांना पार्सलमागं पैसे मिळतात, पावसात चौथ्या मजल्यावर चढून दार बंद मिळालं तर काहीच नाही. मी त्या पोरांना दोष देणार नाही. पण खोटी नोंद चालवून घेऊन भाडं मात्र दोन्ही बाजूंचं वसूल करणारी व्यवस्था मला मान्य नाही, आणि त्याविरुद्ध केलेल्या माझ्या चौदा तक्रारींना एकच छापील उत्तर आलं.

बाकीच्यांची उत्तरं वेगळी होती. नवी मुंबईतला एक तरुण फार सरळपणे म्हणाला, “ताई, खरं सांगू? त्या दिवशी डोकं फिरलं होतं. आपली वस्तू चोरली म्हणून मागवली. पार्सल आलं तेव्हा वाटलं, पावसात घालणार कुठं?”

आप्पांचा प्रश्न महिन्याभरानं माझ्याकडं असा परत आला. मी अभिमान मोजला होता आणि त्याला मागणी समजले होते. दोन्हींचा आलेख सारखाच वर जातो. पडद्यावर त्यांत फरक करता येत नाही, निदान मला तरी आला नाही.

उरलेले 36 जोड घरात जाऊन, पायात घालून परत आले होते. एकाच पत्त्यावरून एकच नमुना 5, 6 आणि 7 मापात, तिन्ही परत. एका खोक्यात आमचा जोड नव्हताच, झिजलेली रबरी स्लिपर होती. एका जोडाच्या तळाला चिखल होता आणि वादी तुटलेली होती. आप्पांच्या मुलानं ती स्लिपर उचलून बाहेर टाकली, बाकी कुणी काही बोललं नाही.

फुकट परतीची सवय जगभर कशी लागली हे मी रात्री त्यांना सांगत बसले. झारानं 2022 मध्ये ब्रिटनमध्ये ऑनलाइन माल परत करायला पैसे लावले ते उगाच नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनचा 2024 चा अंदाज होता 890 अब्ज डॉलरच्या परतीचा, म्हणजे विक्रीच्या जवळजवळ 17 टक्के. मोठ्यांकडं तो तोटा रिचवायला गोदामं आहेत, विमा आहे, परतीचा माल घाऊक उचलणारे व्यापारी आहेत. आमच्याकडं मावशींची ओसरी. मी हे कुणाच्या समाधानासाठी सांगत होते कोण जाणे.

आप्पांचं लक्ष दुसरीकडंच होतं. त्यांनी परतीच्या कारणांचा कागद मागितला. 36 पैकी 22 जणांनी लिहिलं होतं, ‘घट्ट होते’.

“घट्ट हाय म्हणून परत?” आप्पा म्हणाले. “नवं पायताण घट्टच असतंय की गं. सैल घेतलं तर म्हैन्यात पायातनं निसटतंय.”

हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. आप्पा दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसतात, अंगठा आत सरकवतात, वरचा पट्टा दाबून बघतात आणि सांगतात, आठ दिवस घरात घाला, तेलाचा हात फिरवा, चामडं पाय ओळखतंय. एवढं सांगितल्यावर घट्ट जोड कुणी परत आणत नाही. आणि मी काय केलं होतं? बुटांच्या एका कंपनीचा मापांचा तयार तक्ता उचलून लावला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘अचूक मापाची खात्री’. विक्रीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आप्पांच्या तोंडी होता आणि मी तो पानावर घेतलाच नव्हता. रीलमध्ये मी त्यांचे हात दाखवले, त्यांना बोलू दिलं नाही.

पण त्या दिवशीचं सगळ्यात वाईट दृश्य संध्याकाळचं. न उघडलेली 61 खोकी आम्ही उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन, कुणाकुणाच्या ओल्या गोदामात पंधरा-पंधरा दिवस पडून ती आली होती. रासायनिक रंगांचं चामडं कदाचित तगलं असतं. आमचं चामडं श्वास घेतं. 43 जोडांवर पांढरी बुरशी होती, वेणीच्या प्रत्येक पेरात. मावशींनी फडकं आणि तेल घेतलं आणि एकेक वेणी पुसायला बसल्या. शेजारच्या दोघी न बोलावता आल्या. वेणीचे पैसे त्यांना आधीच मिळाले होते, या पुसण्याचे कुणी देणार नव्हतं. रात्री दहापर्यंत बसल्या. 29 जोड वाचले, 14 वर डाग राहिले.

पुढच्या पंधरा दिवसांत आणखी 40 जोड परत आले. शनिवारी आप्पांनी गल्लीतल्या पाचही घरांची उधारी पूर्ण चुकती केली. मी माझे त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत आणि जाहिरातीच्या खर्चातला अर्धा देऊ केला. आप्पा म्हणाले, “तू काय चोरी केलीस व्हय?” आणि पाकीट माझ्या पिशवीत परत टाकलं.

परदेशी गेलेल्या 19 जोडांपैकी एकही परत आला नाही. न्यू जर्सीतल्या एका बाईंनी तर बहिणीसाठी दुसरा मागवला. मग ऑगस्ट आला. 27 तारखेपासून अमेरिकेचं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्के झालं, 29 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची सूट गेली, आणि टपाल खात्यानं 25 पासूनच तिकडची पार्सलं थांबवली. जे गिऱ्हाईक परत करत नव्हतं, नेमकं तेच तुटलं.

आता पानावर सगळ्यात वर आप्पा बोलतात, चाळीस सेकंद, ‘घट्टच घ्या’पासून. वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायचे असतील तर आधी 99 रुपये भरावे लागतात. ऑर्डरी निम्म्यावर आल्या, परत येणारे शंभरात नऊ.

डिसेंबरात बातमी आली. प्राडानं लिडकॉम आणि लिडकर या दोन सरकारी महामंडळांशी करार केला, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात 2,000 जोड होणार, किंमत 800 युरोंच्या आसपास. त्या रात्री पडद्यावरचा आकडा पुन्हा चढायला लागला. जाहिरात लिहून माझ्या मोबाइलमध्ये तयार होती. सकाळी मी ती न लावता सुभाषनगरला गेले आणि आप्पांना विचारलं.

त्यांनी बाहेर बघितलं. कोरडी थंडी होती, लग्नसराई चालू होती. “आदी जोड किती हायत ते बघ जा,” म्हणाले.

मी माळ्यावर चढले. डाग पडलेले 14 बाजूला ठेवून 64 भरले.