कोपरा नाही

मे महिन्यात भुसावळात भर दुपारी माळ्यावर चढणारा माणूस एकतर चोर असतो, नाहीतर त्याच्या कूलरची मोटार जळालेली असते. आमची जळाली होती. जुन्या कूलरची मोटार वर कुठेतरी असेल म्हणून चढलो आणि हाताला लागली ती पिवळी कॅसेट. टीव्ही गेमची. स्टिकर कसरीने अर्धं खाल्लेलं, पण बॉल घेतलेला खेळाडू कमरेपर्यंत शाबूत. डबल ड्रिबल!

कोनामी कंपनीने हा गेम घरच्या मशीनसाठी १९८७ साली काढला. आमच्या गल्लीत तो यायला १९९५ उजाडलं, तेही नकली मशीनवर. बास्केटबॉलशी आमचा संबंध म्हणजे शाळेच्या मैदानातली एक रिंग. तिला जाळी नव्हती. मोठी पोरं तिला लोंबकळायची, एवढाच तिचा उपयोग. त्यामुळे नियम बियम जे काही कळले ते या कॅसेटीतूनच.

टीम चारच. बोस्टनचे बेडूक, शिकागोचे बैल, न्यूयॉर्कचे गरुड आणि लॉस एंजेलिसचे ब्रेकर्स. ब्रेकर म्हणजे काय ते आम्हाला अजिबात कळत नसे, म्हणून ती टीम कोणी घेत नसे. पोळ्याच्या मुलखातली पोरं आम्ही, बैलांवरून मात्र मारामाऱ्या. खरं तर चारही टीम सारख्याच होत्या. खेळाडूंना नावं नाहीत, चेहरे नाहीत, कोणी दमत नाही. दहा जण एका ओळीत आले की निम्मे लुकलुकायला लागत. त्या मशीनला एका आडव्या रेघेवर आठच तुकडे दाखवता येतात, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा आम्ही अँटेना हलवायला एकाला गच्चीवर पाठवायचो.

पण डंक! रिंगजवळ उडी घेऊन बॉल वरून आत कोंबायला गेलं की सगळा पडदा बदलायचा आणि एक दांडगा खेळाडू पडदाभर हवेत. श्वास रोखून बघायचं, कारण कधीकधी एवढं सगळं करून बॉल रिंगला आपटून परत यायचा. त्या एका चित्रासाठी बाकीचे सगळे गुन्हे माफ होते. अजूनही आहेत.

गेमच्या सुरुवातीला लोक स्टेडियमकडे धावत सुटतात आणि एक ट्यून वाजते. ती आम्हाला पाठ होती. १९९६ च्या ऑगस्टात अटलांटाला लिअँडर पेसला ब्राँझ मिळालं. टीव्हीसमोर अख्खं घर जमलं होतं, बाबांचे डोळे भरून आलेले. सुवर्णपदक आगासीचं, म्हणून अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि मी ओरडलो, "अरे, ही तर आपल्या गेमची ट्यून!" पाठीत धपाटा बसला. पण आजही ते गीत कुठे वाजलं की माझा अंगठा आपोआप हलतो, त्याला मी काय करू?

खालून हाक आली, "अहो, सापडली का मोटार?" म्हटलं, "बघतोय."

तर कोपरा. बाजूच्या रेघेला चिकटून, कोपऱ्याजवळ एक जागा होती. तिथून उडी मारून बॉल सोडला की आत. दर वेळी. तीन पॉइंट. हा शोध दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा. पहिले दोन दिवस आम्ही राजे होतो. तिसऱ्या दिवशी दोघंही नुसते कोपऱ्याकडे पळत होतो आणि मजा पार संपली होती. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. बाहेर ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला, आत मांड्यांचा वास. नाना पाणी प्यायला आत आले, दाराशी उभं राहून पाच मिनिटं आमचा खेळ बघितला आणि म्हणाले, "रोज लागस ती लॉटरी नही भो, पगार शे तो." आणि गेले परत पत्ते पिसायला.

त्या दिवसापासून नियम झाला. डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनी मोठ्याने म्हणायचं: कोपरा नाही. दादाने तो नियम देवासारखा पाळला. हरत असला तरी पाळला, आणि तो बहुतेक वेळा हरायचाच. मी दोन-तीनदा चोरून मारला, तो वाद न घालता "परत घे" म्हणायचा.

१९९७ च्या जूनमध्ये तो सुरतला निघाला. दहावी दोनदा झाली होती, तिकडे मामाने लूमवर चिकटवलं होतं. पत्र्याची पेटी दारात बांधून ठेवलेली. सुरत पॅसेंजरला वेळ होता म्हणून एक डाव लावला. त्याने बैल मला दिले. पहिला बॉल मिळताच त्याचा खेळाडू सरळ कोपऱ्याकडे धावत गेला. उडी. तीन. पुन्हा बॉल, पुन्हा कोपरा. तीन. मग आणखी दोनदा. मी रिमोट धरून नुसता बसलो होतो. दोन शब्द अगदी ओठांवर आले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी काही म्हटलं नाही.